बॅटरीवर चालणारे छोटे दिवे : मुळशीच्या तरुणांसाठी एक जोडधंदा

पुण्याहून पौड रस्त्याने निघाले की पिरंगुट आणि पौड मागे टाकून सुमारे चाळीस किलोमीटरवर मुळशीचा तलाव लागतो. या तलावाचा आणि विजेचा संबंध जुना आहे. टाटा कंपनीच्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली येथील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तरीही धरण झाले. तलावाचे पाणी सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात उतरवून १९२७ पासून भिरा येथील केंद्रात वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या गिरण्या व घरे त्या विजेवर चालली. मात्र आज याच तलावाच्या काठावर कोणी चित्रीकरणासाठी उतरला आणि सूर्य मावळला, तर दिवा लावायला जवळपास प्लग सापडत नाही.

पूर्वी यावर एकच उपाय होता : जनरेटरची गाडी, जाड केबल आणि दिवे उचलायला चार-सहा माणसे. तो खर्च मोठ्या चित्रपटालाच परवडत असे. आता बॅटरीवर चालणारे एलईडीचे चपटे दिवे, ज्यांना या व्यवसायात ‘पॅनेल’ म्हणतात, बाजारात आले आहेत. काही तळहाताएवढे असतात, काही वहीएवढे. दोन पॅनेल, चार बॅटऱ्या आणि स्टँड एका पिशवीत मावतात व मोटारसायकलवरून नेता येतात.

मुळशी तालुक्यात गेल्या काही दशकांत जमिनी विकल्या गेल्या, पैसा आला आणि पुष्कळ घरांतून तो निघूनही गेला. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८ च्या चित्रपटाचा विषयच तो होता. चित्रीकरणाच्या गाड्या तालुक्यात येतात तेव्हा स्थानिक तरुणाच्या वाट्याला बहुधा गाड्या लावून देणे आणि चहा-नाश्ता पुरवणे एवढेच काम येते. थोड्या भांडवलात आणि थोडे शिकून यापेक्षा बरे काम करता येईल काय, याचा विचार या लेखात केला आहे. प्रथम हा दिवा काय आहे ते समजून घेऊ, कारण न समजता घेतलेला दिवा म्हणजे पाण्यात गेलेले पैसे.

दिवा पेटतो कसा?

घरातला जुना पिवळा बल्ब तार तापवून उजेड देत असे. त्यात विजेचा मोठा भाग उष्णतेत वाया जाई. एलईडी हा अर्धवाहकाचा बारीक तुकडा असतो. त्यातून वीज गेली की तार न तापवताच उजेड पडतो. लाल आणि हिरवे एलईडी फार पूर्वीपासून होते, परंतु निळा तेजस्वी एलईडी जपानमध्ये १९९० नंतरच्या वर्षांत साध्य झाला. त्या कामाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर फॉस्फरचा पिवळसर लेप दिला की निळा आणि पिवळा उजेड मिसळून पांढरा प्रकाश मिळतो. पॅनेलवर असे दहा-वीसपासून शेकडो दाणे ओळीने बसवलेले असतात.

या लेपाचा दर्जा हाच दिव्याचा खरा दर्जा होय. लेप हलका असेल तर उजेड डोळ्यांना पांढरा दिसतो, पण कॅमेऱ्यात माणसाचा चेहरा हिरवट किंवा राखेसारखा उतरतो. याची पारख पुढे सांगितली आहे.

मोठ्या दिव्याची जागा घेतो काय?

नाही. येथेच पुष्कळांची फसगत होते. लग्नाच्या व्हिडिओ चित्रणात एकेकाळी एक मुलगा हजार वॉटचा हॅलोजन हातात धरून कॅमेऱ्यामागे धावत असे. हॅलोजन एका वॉटला सुमारे २५ ल्युमेन उजेड देतो आणि चांगला एलईडी सुमारे १००. म्हणजे त्या हजार वॉटच्या हॅलोजनची बरोबरी करायला अडीचशे वॉटचा एलईडी लागेल. तळहाताएवढा पॅनेल मात्र पाच-दहा वॉटचा असतो. ‘हा छोटा दिवा मोठ्या लाइटचे काम करतो’ असे दुकानदार सांगू लागला, तर ते मनावर घेऊ नये.

मग छोट्या दिव्याने काम कसे चालते? याचे उत्तर कॅमेऱ्यात आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हाची फिल्म इतकी मंद होती की सूर्यप्रकाशावाचून काम होत नसे. आजचा साधा डिजिटल कॅमेरा त्या फिल्मच्या कितीतरी पट कमी उजेडात चित्र घेतो. आयएसओ ८००, शटर सेकंदाचा ५० वा भाग आणि लेन्सचे छिद्र एफ २.८ असे लावले, तर चेहऱ्यावर सुमारे १२० लक्स उजेड पुरतो. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे माप.

अंतराचा हिशेब

या व्यवसायात सर्वांत आधी पाठ करावा असा नियम एकच आहे : अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. समजा, एका पॅनेलचा उजेड एक मीटरवर ८०० लक्स आहे. तोच दोन मीटरवर २०० आणि चार मीटरवर अवघा ५० लक्स राहील. म्हणजे दोन मीटरवर वरील कॅमेऱ्याला तो पुरून उरतो आणि चार मीटरवर अपुरा पडतो. पॅनेलच्या पेटीवर लक्सचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो किती अंतरावरचा आहे, हे बारीक अक्षरांत असते. अर्ध्या मीटरवरचा आकडा पाहून एक मीटरचा समजलात, तर दिवा चौपट मोठा वाटेल.

म्हणून छोटा पॅनेल नेहमी जवळून वापरायचा असतो. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा, हातातील वस्तू, टेबलावरील माल, गाडीच्या आतील भाग ही त्याची कामे. अंगण, रस्ता, लग्नाचा मांडव किंवा नाचणारा समूह उजळणे हे त्याचे काम नव्हे. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. तेथे पाचशे-हजार लक्सचा पॅनेल पेटला काय आणि विझला काय, फरक दिसत नाही. दुपारी चेहऱ्यावरची सावली काढायची असेल, तर पांढरा थर्माकोलचा तक्ता पॅनेलपेक्षा अधिक उपयोगी पडतो, आणि तो शंभर-दोनशे रुपयांत मिळतो.

आणखी एक गोष्ट. छोटा दिवा जसाच्या तसा चेहऱ्यावर मारला, तर नाकाची सावली काळी आणि कडक पडते. उजेडाचा स्रोत जितका मोठा व जितका जवळ, तितकी सावली मऊ. त्यासाठी दिव्यापुढे हातभर अंतरावर बटर पेपर किंवा पांढरे मलमल ताणून धरावे. मग उजेड कापडाकडून येतो आणि सावली मऊ होते. सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’ (१९५६) साठी पांढऱ्या कापडावर दिवे मारून परतणारा उजेड वापरला. आज जगभर वापरली जाणारी ही रीत साध्या चादरीवरही साधते. अर्थात कापडाने उजेड बराच घटतो, तेव्हा दिवा निवडताना एवढी शिल्लक धरावी.

बॅटरीचा हिशेब

या दिव्यांना साधारणपणे ‘एनपी-एफ’ जातीच्या लिथियम बॅटऱ्या लागतात. हा आकार मूळचा सोनी कंपनीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचा. आता अनेक कंपन्या त्याच मापाच्या बॅटऱ्या करतात. लहान बॅटरीला ५५०, मधलीला ७५० किंवा ७७० आणि मोठीला ९७० असा क्रमांक असतो.

बॅटरी किती वेळ चालेल, हे काढणे सोपे आहे. मोठ्या बॅटरीवर ६६०० एमएएच आणि ७.२ व्होल्ट लिहिलेले असते. ६.६ गुणिले ७.२ म्हणजे सुमारे ४७ वॉट-तास. दिव्याच्या वॉटने याला भागले की तास मिळतात. ३० वॉटच्या पॅनेलमागे बहुधा अशा दोन बॅटऱ्या लावायची सोय असते. दोहोंचे मिळून ९५ वॉट-तास, म्हणजे कागदावर तीन तास. प्रत्यक्षात अडीच तास धरावेत, कारण बॅटरी पूर्ण रिकामी होण्याआधीच दिवा मंद होतो किंवा विझतो. अर्ध्या उजेडावर चालवला तर वेळ साधारण दुप्पट होतो.

स्वस्त बॅटऱ्यांवर छापलेले एमएएचचे आकडे डोळे झाकून खरे मानू नयेत. घेतल्यानंतर पहिल्याच दिवशी बॅटरी पूर्ण भरावी, दिवा पूर्ण उजेडावर लावावा आणि घड्याळ पाहावे. हिशेबापेक्षा फारच कमी चालली, तर लगेच परत करावी. बिल आणि पेटी त्यासाठी जपून ठेवावी.

लिथियम बॅटरी जपून हाताळावी लागते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बॅटऱ्या ठेवू नयेत. सुट्या बॅटऱ्या नाणी, किल्ल्या यांच्यासोबत एकाच खिशात टाकू नयेत, कारण टोके जोडली जाऊन आग लागू शकते. चार्जिंग घरात माणूस जागा असताना करावे. महिनाभर काम नसेल, तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी.

रंगाची पारख

प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. घरातील पिवळा उजेड सुमारे २७०० ते ३२००, दिवसाचा उजेड सुमारे ५६००. दोन्हीकडे फिरवता येणारा पॅनेल घेणे शहाणपणाचे, कारण खोलीत पिवळे दिवे असतील तेथे तो पिवळा करता येतो आणि खिडकीशी पांढरा. अशा अनेक पॅनेलमध्ये पिवळे व पांढरे दाणे निम्मे-निम्मे असतात. त्यामुळे अगदी एका टोकाला नेले की निम्मेच दाणे पेटतात आणि उजेडही कमी होतो. हा दिव्याचा बिघाड नव्हे, ती रचनाच तशी आहे.

दुसरा आकडा सीआरआयचा. या दिव्यात रंग किती खरे दिसतात, हे तो १०० पैकी सांगतो. चित्रीकरणासाठी ९५ च्या वरचा दिवा घ्यावा. तथापि हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि गडद लाल रंग त्यात धरलेला नसतो. माणसाच्या त्वचेत तर लालीच महत्त्वाची. गडद लालासाठी ‘आर ९’ असा वेगळा आकडा देतात. तो ९० च्या आसपास असेल तर उत्तम, आणि पेटीवर तो दिलेलाच नसेल तर प्रश्न विचारावा.

आकड्यांवर विश्वास नसेल, तर दुकानातच दोन चाचण्या कराव्यात. पहिली : आपला हात आधी खिडकीच्या उजेडात आणि मग पॅनेलपुढे धरून मोबाइलने छायाचित्र घ्यावे. दुसऱ्या चित्रात हात हिरवट किंवा निर्जीव दिसला, तर तो दिवा सोडावा. दुसरी : पॅनेल मंद करून मोबाइलचे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवावे आणि पाहावे. चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा लुकलुकतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण संथ गतीचे चित्रण त्याने वाया जाते. घरातले मुख्य विजेवरचे दिवेही लुकलुकतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर ५० वा किंवा १०० वा भाग ठेवला की तो त्रास सहसा टळतो.

मुळशीत काम कसे पडते

आता हा सर्व हिशेब एका उदाहरणावर लावून पाहू. समजा, तलावाच्या काठी एका वृद्ध शेतकऱ्याची आंबेमोहोर भाताच्या शेतीवर मुलाखत घ्यायची आहे आणि मागे तलाव व डोंगर दिसायला हवेत. सूर्य मावळताना उघड्यावर सुमारे ४०० लक्स उजेड असतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत तो तीन-चार लक्सवर उतरतो. या थोड्या वेळातच चेहऱ्यावरचा आणि मागच्या देखाव्याचा उजेड एकमेकांशी जुळतो. पॅनेल चेहऱ्यापासून दीड मीटरवर, किंचित बाजूला व डोळ्यांच्या वर, मलमलीआड ठेवावा. कॅमेरा आणि दिवा दोन्ही साडेचार हजार केल्व्हिनवर लावले, तर चेहरा स्वाभाविक आणि मागचे आकाश निळसर येते. बाहेरचा उजेड उतरत जाईल तसा दिवाही मंद करत न्यावा.

तलाव दिसेल असे सर्व चित्रण या वेळात उरकावे. अंधार पडला की पॅनेल चेहरा उजळील, तलाव नाही. मागे फक्त काळोख राहील आणि त्यावर कोणत्याही छोट्या दिव्याचा इलाज नाही. नवख्या चित्रपथकाला ही गोष्ट वेळीच सांगणारा दिवेवाला त्यांना खरा उपयोगी पडतो. अशा माणसालाच पुढच्या वेळी पुन्हा बोलावणे येते.

ताम्हिणी घाटात काम असेल, तर पावसाचे भान हवे. हा भाग राज्यातील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी आहे. बहुतेक पॅनेल पाण्यापासून सुरक्षित नसतात. प्लास्टिकची पिशवी बांधली तर पाणी अडते, पण मागची उष्णता कोंडून दिवा बिघडू शकतो. म्हणून छत्री किंवा ताडपत्रीचे छप्पर हाच चांगला उपाय. काठावर वाराही जोराचा असतो, तेव्हा स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवल्याशिवाय हात सोडू नये.

परवानगीचा प्रश्नही विसरू नये. ताम्हिणीचा काही भाग २०१३ पासून वन्यजीव अभयारण्य आहे आणि तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून चित्रीकरण करता येत नाही. धरण, तलावाचा काठ आणि खासगी शेते यांच्यासाठीही त्या-त्या मालकाची संमती लागते. संमती काढणे हे पथकाचे काम असले, तरी ती आहे की नाही हे दिवेवाल्याने आधी विचारावे. सामान जप्त झाले तर नुकसान त्याचेच.

गिऱ्हाईक कोण?

केवळ मोठ्या चित्रपटांवर डोळा ठेवू नये. त्यांचे दिवे मुंबईहूनच येतात. लवळे येथे सिंबायोसिस आणि फ्लेम या विद्यापीठांत माध्यमांचे शिक्षण घेणारे विद्यार्थी लघुपट करतात. हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे आणि तेथील कंपन्या, तसेच पिरंगुटचे कारखाने आपल्या कामाच्या व सुरक्षेच्या चित्रफिती करून घेतात. तलावाभोवतीची विश्रामगृहे, शेतमाल थेट विकणारे शेतकरी, गावोगावची शिक्षणसंस्था यांनाही लहान चित्रफिती लागतात. या सर्वांना दोन-तीन दिवे आणि ते लावणारा जाणता माणूस एवढेच हवे असते.

भांडवल आणि मिळकत

सुरुवातीच्या संचात ३० वॉटच्या आसपासचे, दोन रंगांचे दोन पॅनेल, एक तळहाताएवढा पॅनेल, सहा मोठ्या बॅटऱ्या, दोन चार्जर, तीन स्टँड, वाळूच्या पिशव्या, चिमटे, मलमल, बटर पेपर आणि थर्माकोल असावे. सहा बॅटऱ्या का? चार दिव्यांमागे आणि दोन हाताशी. भाव सतत बदलतात, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारूनच घ्यावे.

उदाहरणादाखल धरू की संचाला ४५,००० रुपये लागले, माणसासह दिवसाचे भाडे १,२०० ठेवले आणि महिन्याला सहा दिवस काम मिळाले. ७,२०० रुपये आले. पेट्रोल व किरकोळ खर्च १,२०० वजा करता ६,००० उरले. पावसाळ्याचे तीन महिने काम निम्मे, म्हणजे महिन्याला ३,००० धरले, तर वर्षाचे ६३,००० होतात. त्यातून भांडवल सुटले की पहिल्या वर्षी हाती १८,००० रुपये राहतात. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातला खरा दर विचारून स्वतःचे आकडे त्यात घालावेत. बॅटऱ्या तीन-चारशे वेळा भरल्यावर थकू लागतात. त्यांच्यासाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकावी.

या हिशेबावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, यावर एकट्यावर घर चालणार नाही. शेती, दुकान किंवा नोकरी सांभाळून करायचा हा जोडधंदा आहे. दुसरी, केवळ दिवे भाड्याने देणाऱ्यापेक्षा दिवे लावता येणाऱ्याला अधिक मान आणि मोबदला मिळतो. दिवे कोणीही विकत घेऊ शकतो. कर्ज काढून मोठा संच घेण्याऐवजी एका पॅनेलपासून आरंभ करावा. तो दोन महिने घरातल्या माणसांवर लावून पाहावा. अंतर, मलमल आणि रंग यांवर हात बसला की मगच दुसरा घ्यावा.

भाड्याने देताना वहीत प्रत्येक वस्तूची नोंद करावी, गिऱ्हाइकाची सही घ्यावी, अनामत ठेवावी आणि सामान परत येताच त्याच्यासमोर प्रत्येक दिवा पेटवून पाहावा. आपल्याकडची एखादी बॅटरी थकलेली असेल, तर ते आधीच सांगावे. तलावाच्या काठावर ऐन संध्याकाळी दिवा विझला, तर गिऱ्हाइकाचा पूर्ण दिवस बुडतो. ती वीस मिनिटे पुन्हा दुसऱ्या दिवशीच येतात, आणि असा दिवेवाला मात्र दुसऱ्या दिवशी बोलावला जात नाही.